पावरी आणि आयर्लंडचे पाइप

गेल्या मार्च महिन्यांत आम्ही नववीच्या वर्गास पडद्यावर एक चित्रफीत दाखवीत होतों. तास भूगोलाचा होता, शहर न्यू यॉर्क होतें, आणि दाखवावयाची होती ती तेथील सरळ रस्त्यांची आंखणी. परंतु चित्रफितींत नेमकी संत पॅट्रिक ह्यांच्या सणाची, म्हणजे १७ मार्चची, मिरवणूक आली आणि भूगोल बाजूस राहिला. गुडघ्यापर्यंत घोळदार वस्त्र नेसलेले अनेक पुरुष, काखेंत फुगीर पिशवी दाबून व खांद्यावर तीन नळ्या उभ्या टाकून, एका पावलानें चालले होते. त्यांच्या मागून ढोल येत होते. वर्गांत हशा पिकला. "पुरुषांनीं परकर नेसले!" असें कोणीसें म्हणालें. तो हशा ओसरतो न ओसरतो तोंच मागच्या बाकावरून एक मुलगा उठून उभा राहिला. हा बाऱ्हे बाजूच्या एका पाड्यावरचा. वर्गांत क्वचितच तोंड उघडणारा. तो म्हणाला, "गुरुजी, ही तर पावरीच वाजते. पिशवीची पावरी."

आम्हीं त्यास खालीं बसावयास सांगितलें व चित्रफीत पुढें नेली. परंतु तें वाक्य मनांतून जाईना. त्या मुलानें जें एका क्षणांत कानानें ओळखिलें होतें, तें आम्हीं वीस वर्षें शिकविण्याचें काम करून आणि ह्याच तालुक्यांत राहून कधीं लक्षांत घेतलें नव्हतें. म्हणून त्याच्या म्हणण्यांत कितपत तथ्य आहे, हे आयरिश लोक कोण, घरापासून सुमारें ३,००० मैलांवर ते हें वाद्य व हा वेष कां मिरवितात, आणि ह्या सर्वांशीं सुरगाण्याचा संबंध काय, एवढें सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम वाद्य. तारपा आपल्यापैकीं बहुतेकांनीं ऐकिला आहे, पण तो उघडून पाहिलेले थोडेच. वाळलेल्या दुध्या भोपळ्याचें पोकळ पोट; त्यांत शेजारीं शेजारीं बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या; प्रत्येक नळीच्या आंतल्या टोकास जिभेसारखी कांपणारी एक पातळ पट्टी; सांधे बुजविण्यास मधमाशांचें मेण; आणि शेवटास ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला मोठा कर्णा. वाजविणारा भोपळ्यांत फुंकतो, वारा तेथें कोंडतो, कोंडलेला वारा नळ्यांत शिरतांना त्या जिभा थरथरवितो, आणि तो थरथराट म्हणजेच सूर. पावरी ह्याच कुळांतली. भोपळा, बांबू व मेण तेंच. मोरपिसांनीं नटविलेली ती लांब पावरी एकदां पाहिली कीं मनुष्य विसरत नाहीं.

आतां ह्यांतली अडचण पाहा. बासरीवाला श्वास घेण्यास थांबला तर सूर थांबतो, व त्यानें कोणाचें बिघडत नाहीं. तारपेवाल्यास थांबून चालत नाहीं. हातांत हात गुंफून फेर धरणारांचीं पावलें त्याच्याच सुरावर पडत असतात. म्हणून तो गालांत वारा सांठवितो, आणि गालांतला वारा भोपळ्यांत लोटीत असतांनाच नाकानें नवा श्वास ओढून घेतो. ही विद्या सोपी नाहीं. आम्हीं एकदां प्रयत्न करून पाहिला, तेव्हां सुराऐवजीं ठसका आला. भोपळा कठीण, तो दाबतां येत नाहीं, म्हणून सर्व भार गालांवर.

आयरिश व स्कॉटिश पाइपांत हाच भार गालांवरून काढून कोपरावर दिलेला आहे. भोपळ्याच्या ठिकाणीं मेंढीच्या वा बकरीच्या कातड्याची पिशवी असते. आतां कृत्रिम कापडाचीहि करतात. वाजविणारा तोंडानें पिशवी फुगवितो आणि श्वास घेण्याच्या वेळीं ती काखेंत दाबतो, कीं वारा चालूच. पिशवीच्या खालच्या बाजूस बोटांनीं वाजवावयाची नळी असते; तिला चँटर म्हणतात व तिच्यांतून अवघे ९ सूर निघतात. खांद्यावरच्या ज्या तीन नळ्या आम्हीं पडद्यावर पाहिल्या त्यांना बोटांचें काम नाहीं. त्या एकच सूर अखंड धरून राहतात. दोन मध्यम उंचीचा व तिसरी, सर्वांत लांब, खर्जाचा. आपल्याकडे संबळाबरोबर एक सनई गाणें वाजविते व दुसरी नुसता सूर भरीत राहते, तेंच हें. फरक इतकाच कीं येथें दोघा-तिघांचें काम एकटा करतो.

असा अखंड घुमणारा सूर डोंगरांतल्या माणसास नवीन नाहीं. थाळकराची थाळी ज्यांनीं ऐकिली असेल त्यांस हें सांगावयास नको. थाळीच्या मध्यावर मेणानें एक काडी उभी चिकटविलेली असते; थाळकर बोटांच्या चिमटींत ती काडी वरून खालीं सारखी ओढीत राहतो, थाळी घुमूं लागते, आणि त्या घुमण्यावर तो रात्र रात्र कथा सांगतो. तेव्हां आमच्या त्या विद्यार्थ्यानें न्यू यॉर्कच्या मिरवणुकींत आपलें घर ओळखिलें ह्यांत नवल नाहीं.

एक गंमत सांगून वाद्याचें प्रकरण पुरें करतों. पाइपाचा सूर मध्येंच तोडतां येत नाहीं आणि लहानमोठाहि करतां येत नाहीं, कारण कांपणारी पट्टी ओठांत नसून आंत, नळीच्या माथ्यावर असते. मग एकच सूर दोनदां वाजवावयाचा झाल्यास काय करावें? मध्यें दुसऱ्या सुराचा एक इवलासा ठिपका टाकावयाचा, इतका जलद कीं ऐकणारास तो वेगळा ऐकूंहि येऊं नये. पाइपाच्या गाण्यांत जी एक प्रकारची नक्षी वाटते ती ह्या ठिपक्यांची. ती वाद्याच्या उणिवेंतून जन्मास आलेली आहे.

ह्या वाद्याला आम्ही "आयरिश" म्हणत आहों. परंतु जाणत्यांस हा शब्द खटकेल व तें योग्यच आहे. आयर्लंडांत दोन पाइप आहेत. एकाचें नांव इलन पाइप. त्या भाषेंत इलन म्हणजे कोपराचा. त्यांत तोंडानें फुंकावयाचेंच नसतें. लोहाराच्या भात्यासारखा एक लहान भाता उजव्या काखेंत असतो व तो पिशवी भरतो. हा पाइप बसून, घरांत, शेगडीजवळ वाजवावयाचा. त्याचा आवाज गोड व मृदु, आणि त्यांत दोन सप्तकें मिळतात. हा खरा आयर्लंडचा स्वतःचा पाइप, व २०१७ सालीं युनेस्कोनें त्याच्या वादनकलेची मानवजातीच्या वारशांत नोंद केली. दुसरा रणपाइप. १५८१ सालीं जॉन डेरिक नांवाच्या इंग्रजानें आयर्लंडवर एक सचित्र पुस्तक छापिलें. त्यांतल्या एका चित्रांत सैनिकांच्या अग्रभागीं हा पाइप वाजविणारा चाललेला दिसतो. पुढें इंग्रजी सत्ता घट्ट होत गेली, जुने सरदार गेले, आणि त्यांच्याबरोबर रणपाइपहि बहुतेक मुका झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील लोकांत आपली भाषा, आपले खेळ व आपलीं गाणीं ह्यांविषयीं जागृति झाली, तेव्हां त्यांस तो पुन्हां वाजवावासा वाटला. पण वाजवावयाचा कसा? मधली परंपरा तुटली होती. शेजारच्या स्कॉटलंडांत मात्र ती अखंड होती. तेव्हां त्यांनीं नमुना तेथून घेतला, आणि आज आयरिश बँडांत जो पाइप वाजतो तो मुख्यत्वें स्कॉटिश डोंगरी पाइपच आहे. रांगेनें पाइप व मागें ढोल, ही बँडाची मांडणीहि ब्रिटिश सैन्यांतील स्कॉटिश पलटणींतून आलेली.

आतां हें वाद्य घर सोडून गेलें कसें, हें पाहूं. १८४१ सालीं आयर्लंडची वस्ती ८० लक्षांवर होती, आणि तींतील गोरगरिबांचें सर्व पोट बटाट्यावर होतें. १८४५ सालीं बटाट्यावर रोग पडला. शेतांत पीक काळें पडून कुजूं लागलें, व हें एक वर्ष नव्हे, पुढें अनेक वर्षें चाललें. १८५२ पर्यंत सुमारें १० लक्ष माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं, आणि निदान तितकींच देश सोडून गेलीं. ज्यांच्या घरांतील वृद्धांनीं १८९९–१९०० च्या छपन्नाच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकिल्या असतील, किंवा ज्यांस १९७२ सालच्या दुष्काळांतील खडी फोडण्याचीं कामें आठवत असतील, त्यांस ह्या आंकड्यांमागचीं घरें दिसतील. सारें कांहीं विकून जहाजाचें भाडें भरणारा मनुष्य बरोबर काय नेणार? भांडीं राहतात, गाईगुरें राहतात. गाणें व नाच ह्यांना मात्र भाडें पडत नाहीं.

अमेरिकेंत त्यांचें स्वागत झालें नाहीं. नोकरी देऊं करणाऱ्या जाहिरातींत "आयरिशांनीं अर्ज करूं नये" असें छापलें जाई. मिळालीं तीं कामें कालवे खणण्याचीं, लोहमार्ग टाकण्याचीं, आणि पुढें शहरांतील पोलिसांत व आग विझविणाऱ्या दलांत भरती होण्याचीं, म्हणजे ज्यांत अंगमेहनत व धोका अधिक अशीं. न्यू यॉर्कमधील संत पॅट्रिकची मिरवणूक त्याहून जुनी आहे. ती १७६२ सालीं निघाल्याची नोंद आहे, म्हणजे अमेरिका स्वतंत्र होण्याच्याहि १४ वर्षें आधीं, आणि काढणारे ब्रिटिश सैन्यांतलेच आयरिश शिपाई होते! परंतु दुष्काळानंतर तिचें रूप पालटलें. ज्यांस नोकरी नाकारली जात होती ते लोक वर्षांतून एक दिवस शहराच्या मुख्य रस्त्यानें, मधोमध, वाजतगाजत चालूं लागले. "आम्ही येथें आहों" हें सांगण्यास त्यांच्याजवळ तेवढेंच साधन होतें.

पुढें १९६० सालीं न्यू यॉर्कच्या पोलिसांतील आयरिश वंशाच्या मंडळानें आपला पाइप बँड स्थापिला व १९६२ सालीं अग्निशामक दलाच्या मंडळानें. आम्हीं मुलांस सांगितलें कीं हे कोणी पगारी वाजंत्री नव्हेत. बंब चालविणारे, शिडी चढणारे लोक सुटीच्या वेळीं तालीम करून वाजवितात. ११ सप्टेंबर २००१ रोजीं त्या शहरांतील दोन उत्तुंग इमारती पाडल्या गेल्या, तेव्हां अग्निशामक दलाचे ३४३ लोक मरण पावले. त्यांच्या अंत्यविधींस पाइप वाजविणें हें ह्या बँडाचें काम होतें. एका दिवसांत अनेक ठिकाणीं प्रेतयात्रा निघत. बँडाची विभागणी करावी लागे. आणि हें महिनोन् महिने चाललें. ज्यांना ते पोंहचवीत होते ते त्यांचे रोजच्या कामांतले सोबती होते. हें सांगितल्यावर वर्गांत पुन्हां कोणी परकराचा विनोद केला नाहीं.

आतां त्या "परकरा"विषयीं. त्याला किल्ट म्हणतात, आणि त्याची हकीकत अशी आहे कीं ती ऐकून कित्येक आयरिश माणसांसहि आश्चर्य वाटतें. प्राचीन आयरिश लोक किल्ट नेसत नव्हते. ते तागाचा एक लांब झगा घालीत, त्यास लेन्या म्हणत, आणि तो केशरी रंगांत रंगविण्याची चाल होती. किल्ट स्कॉटलंडचा, त्यांतहि कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा आजचा आंखूड किल्ट अठराव्या शतकांतला. १७४५ च्या बंडानंतर सरकारनें स्कॉटिश डोंगरी पोशाखावर १७४६ सालीं बंदी घातली, ती १७८२ सालीं उठली, आणि १८२२ सालीं राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला तेव्हां त्याच्या सन्मानार्थ जो तो किल्ट नेसून पुढें आला. ज्या वस्त्राबद्दल पूर्वी दंड होत असे तेंच दरबारी झालें. पुढें आयर्लंडांतील जागृतीच्या काळांत तेथील मंडळींनीं जुन्या झग्याचा केशरी रंग घेतला, शेजाऱ्याच्या किल्टचा आकार घेतला, आणि दोहोंचा मेळ घालून आयरिश केशरी किल्ट निर्माण केला. म्हणून स्कॉटिश किल्ट चौकटीचौकटींचा तर आयरिश बहुधा एकरंगी, केशरी वा हिरवा, असतो. आयर्लंडच्या प्रत्येक परगण्याच्या वेगळ्या चौकटी म्हणून जें कापड हल्लीं दुकानांत मिळतें तें तर १९९० च्या दशकांतलें आहे, आणि तें विणणारे स्कॉटिश!

मग हा सर्व प्रकार खोटा म्हणावयाचा काय? कांहीं विद्वान् तसें म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. वस्त्र किती जुनें हा प्रश्न संग्रहालयाचा. तें नेसून मनुष्य कोणांत उभा राहतो हा प्रश्न त्या माणसाचा. आपल्याकडेच पाहा. अमेरिकेंतील अनेक शहरांत आज मराठी मंडळींचीं ढोल-ताशांचीं पथकें आहेत. तेथील मराठी मंडळांस एकत्र आणणारें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालीं स्थापन झालें, व त्याच्या अधिवेशनांत नऊवारी नेसलेल्या व फेटा बांधलेल्या ज्या स्त्रिया ढोल वाजवितात त्यांच्या आजींनीं नऊवारी नेसली होती खरी, पण फेटा कधीं बांधला नव्हता आणि ढोलहि वाजविला नव्हता. त्याहून जुनें उदाहरण मॉरिशसचें. १८३४ पासून तेथें उंसाच्या मळ्यांवर करारानें मजूर नेले जाऊं लागले; त्यांत कोंकणांतले मराठी लोक होते. त्यांच्या वंशजांच्या घरांत आज बहुधा क्रिओल भाषा चालते, परंतु गणेशचतुर्थीस, जी तेथें सरकारी सुटी आहे, ते झाकरी नाचतात. आणि ही झाकरी म्हणजे कोंकणांतली जाखडी. शब्द झिजला, पाऊल राहिलें.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. बाहेर गेलेले लोक नुसतें जतन करून थांबत नाहींत. ते घरच्यांना मागेंहि टाकतात. ग्लासगो येथें पाइप बँडांची जागतिक स्पर्धा भरते. ती दीर्घकाळ स्कॉटलंडचेच बँड जिंकीत. १९८७ सालीं प्रथमच ती बाहेरच्यांनीं जिंकली, आणि ते कॅनडांतले होते. आयर्लंडच्या प्रजासत्ताकास तो मान २०१० सालीं डब्लिनच्या सेंट लॉरेन्स ओटूल बँडानें मिळवून दिला. आपल्या देशांतहि हें वाद्य रुजलेंच आहे. फौजेबरोबर आलें, आणि फौज बदलली तरी राहिलें. २९ जानेवारीस दिल्लींत बीटिंग रिट्रीटच्या सोहळ्यांत आपल्या पलटणींचे पाइप आपण ऐकतों. गढवालांत तर तें मशकबीन ह्या नांवानें लग्नाच्या वरातींत शिरलें आहे, आणि तेथील नवरदेवास तें परकें आहे असें सांगितल्यास तो हंसेल. पाइप बनविण्याचे कारखाने मेरठेस आहेत, सरहद्दीपलीकडे सियालकोटास आहेत, व तेथून ते जगभर जातात.

इतक्या दूर फिरून आतां आपल्या तालुक्याकडे येतों.

सुरगाण्याची माणसेंहि घर सोडून जातात. भात, नागली व वरई घरांत आली कीं दिवाळीनंतर पाडे रिकामे होऊं लागतात. कोणी दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या बागांवर, कोणी नाशिकांत बांधकामावर, कोणी गुजरातेंत ऊंस तोडावयास. अंतर शंभर-दोनशें किलोमीटरांचें. समुद्र मध्यें नाहीं. आयरिश माणसाच्या मानानें हें कांहींच नव्हे. तरी पण पावरी बरोबर जात नाहीं. ती घरांत आढ्याला टांगलेली राहते. असें कां व्हावें, ह्याचा आम्ही वर्षभर विचार करीत आहों. अनेक पालकांस विचारलें, आणि उत्तरें निरनिराळीं आलीं.

एक कारण दिनदर्शिकेचें आहे. पावरीचा मुख्य प्रसंग डोंगऱ्या देवाचा उत्सव, व तो मार्गशीर्षांत येतो. मार्गशीर्ष म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर; नेमक्या त्याच वेळीं द्राक्षबागांत घडांची विरळणी चाललेली असते व मजुरीस मागणी असते. पावरकर गांवांत असला तर नाचणारे बागेवर, आणि नाचणारे आले तर पावरकराचा मुलगा मुकादमाचा आगाऊ पैसा घेऊन बसलेला. आयरिशांचा सण १७ मार्चला आहे व सगळें शहर त्या दिवशीं वाट देतें. आपल्या मजुरास मालक एक दिवसहि देईल कीं नाहीं ही शंका.

दुसरें कारण शिकविण्याचें. पाइप बँडांत मूल प्रथम पिशवीस हात लावीत नाहीं. एक साधी नळी घेऊन, टेबलाशीं बसून, महिनोन् महिने बोटें बसवितें, मग पिशवी. बँडाजवळ शिकविणारा असतो, ठराविक वार असतो, व मोठ्यांच्या मागें मुलांचा स्वतंत्र बँड असतो. म्हणून एक वाजविणारा गेला तरी जागा रिकामी राहत नाहीं. पावरीची विद्या बापाकडून मुलाकडे, त्याहि घरच्या ओटीवर, ऐकून ऐकून जाते. बाप सहा महिने बागेवर आणि मुलगा वसतिगृहांत. मग ती जाणार कोठून?

तिसरें कारण आमचें आहे. म्हणजे आम्हां शिक्षकांचें, आणि त्यांतहि आमचें स्वतःचें. बऱ्याच वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका शाळेंत असतांना स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या वेळीं एका मुलानें पावरी आणिली होती. ती त्याच्या आज्याची होती व त्यानें ती घोंगडींत गुंडाळून आणिली होती. आम्हीं त्यास म्हणालों, "हें घरीं ठेव. बँडाचा गणवेष घाल आणि रांगेंत उभा राहा." आमच्या मनांत दोन गोष्टी होत्या. एक, पाहुणे काय म्हणतील. दुसरी, हें वाद्य देवाच्या उत्सवाचें आणि आम्ही ख्रिस्ती. तें आमच्या व्यासपीठावर कसें चालेल? मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें बँडांत ढोल वाजविला, चांगला वाजविला, आणि पावरीचें नांव पुन्हां काढलें नाहीं.

ह्या दुसऱ्या शंकेविषयीं येथें लिहिणें आम्हांस प्राप्त आहे, कारण कांहीं ख्रिस्ती पालक आजहि ती विचारतात. रे. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. त्यांच्यापूर्वीं आमच्या उपासनेंत इंग्रजी चालींवर बसविलेलीं गीतें फार होतीं. टिळकांनीं अभंग आणिला, कीर्तन आणिलें, टाळ आणि वीणा आणिली. तेव्हांहि लोक म्हणालेच असतील कीं हें देवळांतलें आहे. १९१९ सालीं टिळक गेले. आज मराठी ख्रिस्ती घरांत त्यांच्या पदांवांचून उपासना होत नाहीं. तेंच रणपाइपाचें. तो युद्धावर माणसें नेण्याकरितां केलेला. आज तो मृतांना शांतपणें पोंहचवितो. वाद्यांत वारा असतो. त्यांत श्रद्धा कोणती भरावयाची हें वाजविणाराकडे राहतें. हें आम्हांस त्या वेळीं सुचलें असतें तर बरें झालें असतें. अर्थात् ज्या घरांत पावरी ही देवाचीच वस्तु मानतात त्या घरची मर्यादा आम्हीं पाळावी. तिला करमणुकीची वस्तु करूं नये. ज्यांची ती आहे त्यांनींच ती केव्हां व कोठें वाजवावयाची हें सांगावें. आम्हीं एवढेंच करावें कीं त्यांस लाज वाटेल असें वागूं नये.

वेषाच्या बाबतींत मात्र कांहीं पालटूं लागलें आहे. संयुक्त राष्ट्रसंघानें १९९४ सालीं ९ ऑगस्ट हा जगांतील आदिवासींचा दिवस ठरविला, आणि अलीकडे त्या दिवशीं नाशिक शहरांत मोठी मिरवणूक निघते. लुगडें व फडकी, डोक्याला पागोटें, हातांत तारपा, अशा वेषांत महाविद्यालयांतील तरुण-तरुणी मुख्य रस्त्यानें चालतात. त्यांतल्या कित्येकजणी रोजच्या व्यवहारांत फडकी घेत नाहींत. मिरवणुकीपुरती ती आईकडून मागून आणितात. कोणी त्यांस हंसतील. आम्हांस ती चित्रफीत आठवते, व १७६२ सालचे ते शिपाईहि.

चित्रफितींत पावरी ओळखणाऱ्या त्या विद्यार्थ्यास आम्हीं ह्या वर्षीं बोलावून विचारलें कीं घरीं पावरी आहे काय. तो म्हणाला, आहे, पण भोपळा तडकला आहे आणि आजा म्हणतो आतां कशाला. आम्ही दिवाळीच्या सुटींत त्याच्या पाड्यावर गेलों. आजोबा ओटीवर बसले होते. आम्हीं पाइपाची गोष्ट सांगितली. पिशवी, कोपर, खांद्यावरच्या तीन नळ्या. त्यांनीं सर्व लक्षपूर्वक ऐकून घेतलें व एकच प्रश्न विचारला: "पाऊस लागला तर त्यांचें कातडें नरम पडत नाहीं का?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. मग ते उठून आंत गेले आणि तडकलेली पावरी घेऊन आले. मेण कोठें उकललें आहे, कोणती नळी अजून चांगली आहे, हें बोटानें दाखवूं लागले, आणि नातू जवळ सरकून पाहूं लागला. नळ्या दोन्ही शाबूत आहेत. भोपळा तेवढा नवा हवा. त्यांच्या कुडावर वेल चढलेला होता व त्यावर एक लांब मानेचा भोपळा त्यांनीं बियाण्यास म्हणून राखून ठेविला होता. तो त्यांनीं आम्हांस दाखविला. तो देंठास वाळला पाहिजे, मग आंतून पोखरून पुन्हां धुरावर वाळविला पाहिजे. घाई केली तर नवाहि तडकतो असें ते म्हणाले. सध्यां तो चुलीवरच्या माळ्यावर आहे.